एकट्याचे खाते

कल्याण सोडून गाडी कसाऱ्याच्या दिशेने निघाली, की पहिलेच स्थानक शहाडचे. येथे रेयॉनचे सूत काढणारा एक मोठा कारखाना १९५६ सालापासून आहे. अशा मोठ्या कारखान्यात माल काढणारे निराळे, हिशेब ठेवणारे निराळे आणि माल खपविणारेही निराळे. परंतु याच शहाडातून सकाळच्या गाडीने अशीही काही तरुण माणसे कामावर जातात, की ज्यांच्या कचेरीत सारी मिळून पाचसात डोकी असतात. अशा नव्या, छोट्या उद्योगाला हल्ली ‘स्टार्टअप’ म्हणतात. तेथे इतरजण वस्तू घडवितात आणि ती लोकांपुढे नेण्याचा भार एकट्याच्या शिरावर पडतो. जाहिरातीचा मजकूर त्यानेच लिहावयाचा, गिऱ्हाइकांचे उंबरे त्यानेच झिजवावयाचे आणि तक्रारही त्यानेच ऐकून घ्यावयाची. माल खपला तर तो मालाचा गुण. पडून राहिला तर दोष त्या एकट्याचा! शिवाय माल पडून राहिला, की महिनाअखेर साऱ्यांच्याच पगाराची पंचाईत.

शब्दांची आतषबाजी केली की हे काम साधते, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती खोटा आहे, हे महाराष्ट्राच्या एका नामवंत उद्योगाचे आरंभीचे दिवस आठवले म्हणजे कळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास लोखंडी नांगर तयार केला. त्यांच्यापाशी विक्रीचे निराळे खाते कोठले असणार? लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसणे सोपे होते. पण त्याची भीती पोटातून आलेली होती. जमीन बिघडली, तर त्याची मुलेबाळे काय खाणार? अशा भीतीला भपकेदार शब्द उत्तर देऊ शकत नाहीत. शेतात उमटलेले खोल तासच ते देऊ शकते.

पुढे १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव तेथे जाहिरातीचे काम पाहू लागले. ते वृत्तीने चित्रकार. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांस द्यावी, एवढाच त्याचा मूळ हेतू. परंतु नुसती आपल्या मालाची स्तुती कोण किती दिवस वाचील? वाचकाच्या उपयोगी पडेल, त्याला विचार करावयास लावील, असा मजकूर त्यात येऊ लागला. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक नावारूपास आले आणि १९३० साली ‘स्त्री’ मासिकही निघाले. जाहिरातीसाठी लावलेल्या रोपट्याचा असा वृक्ष झाला. कारण त्याने वाचकाकडे मागण्यापूर्वी त्याला काहीतरी दिले.

एकट्या विक्रेत्याचे काम असे दुहेरी असते. कारागिराचे म्हणणे गिऱ्हाइकापर्यंत न्यावयाचे आणि गिऱ्हाइकाचे बोल कारागिराच्या कानी घालावयाचे. दुसरे काम अधिक अवघड. रात्रंदिवस खपून केलेल्या वस्तूत अमुक उणे आहे, हे आपल्याच सोबत्यांना तोंडावर सांगावयास धैर्य लागते. ‘थोडे वाढवून लिहा, कोणाला कळणार आहे?’ असा आग्रह झाला, म्हणजे तर त्याची खरी कसोटी लागते. जुन्या, मोठ्या पेढीच्या पदरी अनेक वर्षांची पत असते. एखादी चूक ती पचवू शकते. नव्या उद्योगाजवळ तेवढी शिल्लक नसते. त्याची सारी पत त्या एकट्या माणसाच्या शब्दावर तोललेली असते. म्हणून माल थोडा कमी खपला तरी चालेल, पण दिलेला शब्द खोटा ठरता कामा नये, एवढे भान त्याने राखावे. आज गेलेले गिऱ्हाईक उद्या परत येऊ शकते. एकदा फसलेले सहसा येत नाही.