पाळी जायची वेळ आणि घरातला नवरा

बाळकुम-ढोकाळीतल्या नवरे मंडळींनो, ही पोस्ट तुमच्यासाठी. बायकांना यातलं बरंच माहीत आहे, त्या भोगतच आहेत.

चाळिशी उलटली आणि बायको चिडायला लागली, की "हिला झालंय काय?" हे मित्राला विचारलं जातं, तिला नाही. होतं ते असं. पाळी एका दिवसात जात नाही. आधी काही वर्षं इस्ट्रोजेन वरखाली होत राहतं. पाळी कधी २० दिवसांत, कधी दोन महिन्यांनी. रात्री अंगातून वाफा निघतात, गाऊन घामाने भिजतो, झोप उडते. दुसऱ्या दिवशी साधं नाव आठवत नाही, उगाच रडू येतं. हा पेरिमेनोपॉज. सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली म्हणायचं. पाश्चात्त्य देशांत ती ५१च्या आसपास, आपल्याकडे साधारण ४६-४७ला. म्हणजे नेमकी मुलांची दहावी आणि सासूबाईंचे गुडघे यांच्या मधोमध.

मी ४६ची. गेल्या वर्षी दहा-दहा दिवस अंगावरून जायचं. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून स्टेशन, पुढे लोकलमध्ये उभं, पर्समध्ये कपड्यांचा जादा जोड. हिमोग्लोबिन ८. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल दिला, "मुलं झालीत ना? पिशवी काढून टाका." नवऱ्याने शांतपणे तीन प्रश्न विचारले. रक्तस्राव कशामुळे होतोय? औषधांनी थांबेल का? पिशवी नाही काढली तर काय होईल? नीट उत्तर मिळालं नाही, म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो. सोनोग्राफी, थायरॉईड, अस्तराची तपासणी, मग गोळ्या आणि लोह. आज पिशवी जागेवर आहे, हिमोग्लोबिन ११.

काही जणींना ऑपरेशन खरंच लागतं. पण आधी प्रश्न विचारले गेले पाहिजेत. बीडचं आठवा. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलं, की पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कित्येक चाळिशीच्या आतल्या. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. खाडा झाला की दंड, म्हणून पाळीच नको झाली. आपल्याकडे मुकादम नाही. तरी "काढून टाक, कटकट मिटेल" हे वाक्य टॉवरमध्येही ऐकू येतं.

मग करायचं काय? तिच्यासोबत दवाखान्यात जा, तारखा लिहून न्या. रात्र जागून काढली असेल, तर सकाळचा डबा तुम्ही करा. जवळ येताना तिला दुखत असेल तर थांबा, त्याला उपचार आहेत. या काळातही दिवस राहू शकतात, ती काळजी तिच्या एकटीची नाही. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी लगेच तपासणी. खर्चाची अडचण असेल, तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. आणि "सगळ्याच बायकांना होतं" हे वाक्य कृपया बंद.

आपल्या सोसायट्यांत बीपी-शुगरची शिबिरं होतात. १८ ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिन. त्या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासणी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांसोबत तासभर गप्पा ठेवूया. पुढच्या दोन रांगा नवऱ्यांसाठी राखीव. कोणती सोसायटी हॉल देतेय, कमेंटमध्ये सांगा.