बीपी विचारला, मोजला नाही

माझी आई सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात राहते, आत्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात. दोघींचं आयुष्य दुसऱ्याच्या रानात भांगलण करण्यात गेलं, दोघींची वयं पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं, दोघींची घरं बौद्ध वस्तीत आणि दोघींनाही उच्च रक्तदाब. फरक एवढाच की आईचा रक्तदाब सरकारदरबारी नोंदलेला होता, आत्याचा नव्हता.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे निवडले गेले: सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. काम साधं होतं. आरोग्य केंद्रात आलेल्या मोठ्या माणसाचा बीपी मोजायचा, ठरलेल्या मोजक्या गोळ्या सुरू करायच्या, क्यूआर कोडचं कार्ड द्यायचं आणि जो परत आला नाही त्याला फोन करून बोलवायचं. आई २०१९ मध्ये खोकल्यासाठी गेली होती, येताना कार्ड घेऊन आली. टाळेबंदीत एसटी बंद पडली तेव्हा आशाताईंनी महिन्याच्या अम्लोडिपिनच्या गोळ्या दारात आणून दिल्या. (याच आशाताईंना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलं, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.)

सांगली त्या पहिल्या यादीत नव्हती. आत्याचं डोकं वर्षानुवर्षं दुखायचं. बाजारच्या गावातला एक डॉक्टर सुई टोचायचा आणि पुडीत गोळ्या बांधून द्यायचा. चिठ्ठी कधीच नाही. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला परदेशातून आलेल्या कुटुंबात कोरोना सापडला, सगळा तालुका बंद झाला आणि ती पुडीही बंद झाली.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम चालली. पथकं घरोघर गेली, ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि विचारलं, ‘‘बीपी, शुगर काही आहे का?’’ आत्या म्हणाली, ‘‘न्हाई बाई, डोकं धरतंय तेवढंच.’’ पथकाने ‘नाही’ लिहिलं. इथेच सगळं आलं. ताप मोजला, बीपी मात्र विचारला. ज्या बाईचा बीपी आयुष्यात कुणी मोजलाच नाही, ती काय उत्तर देणार? एक बीपीचं मशीन त्या पिशवीत असतं, तर त्याच फेरीत वस्त्या-पाड्यांवरचे किती रुग्ण सापडले असते!

मग १ मार्च २०२१ आला. साठीपुढच्या सगळ्यांना आणि ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस. वर्षभर आपल्याला ऐकवलं होतं की बीपीवाल्यांनी जपावं, त्यांना धोका जास्त. मी आईचं कार्ड घेऊन गेले आणि तिथं २० आजारांची यादी वाचली. नुसता उच्च रक्तदाब त्यात नव्हता! त्याच्या जोडीला छातीत कळ येण्याचा विकार हवा, किंवा पक्षाघात होऊन गेल्याचा सीटी-एमआरआयचा पुरावा हवा, किंवा जुना मधुमेह हवा. शिवाय नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीचं प्रमाणपत्र.

लस कमी होती, क्रम लावावाच लागतो, हे मला मान्य आहे. ज्यांचा आजार जास्त गंभीर त्यांना आधी, यात अन्याय नाही. पण आजार गंभीर आहे हे ठरवणारा कागद कुणाकडे असतो? एमआरआयचा खर्च ज्याला झेपला त्याच्याकडे. गावात ज्यांचा फॅमिली डॉक्टर होता त्यांना प्रमाणपत्र एका फोनवर मिळालं. आपल्या माणसाला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला काढताना तहसीलच्या पायऱ्या पाठ झाल्या आहेत. आता आजारी असल्याचाही दाखला.

समाजशास्त्र शिकताना ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरबद्दल वाचलं होतं. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात तो काम करायचा. १९७१ मध्ये त्याने मांडलं की जिथं गरज सर्वात जास्त तिथं चांगली आरोग्यसेवा सर्वात कमी पोचते. हे वाक्य आम्ही परीक्षेत लिहून मार्क मिळवले. त्याच माणसाने आपल्या गावातल्या लोकांचा, तक्रार असो नसो, बीपी स्वतः मोजला, हे मात्र मला फार उशिरा कळलं. इतक्या लांब जायचीही गरज नाही. सातारा जिल्ह्यातल्याच नायगावच्या सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांपर्यंत स्वतः गेल्या आणि त्याच प्लेगने १० मार्चला गेल्या. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं आपल्या संविधानाचं कलम ४७ सांगतं. रुग्णाने आधी स्वतःला सिद्ध करावं, असं त्यात कुठंही नाही.

१ एप्रिलपासून ४५ वर्षांपुढच्या सगळ्यांना लस खुली झाली, कागदाची अट गेली. आईला त्याच महिन्यात मिळाली. पण एप्रिलमध्येच तुटवडा पडला आणि दोन्ही जिल्ह्यांत केंद्रं बंद राहिली. आत्या दोनदा रोजगार बुडवून रिकामी परतली. तिसऱ्यांदा, जूनमध्ये, रांगेत तिचा नंबर आला. तिथं मशीन होतं. आकडा निघाला १९० वर ११०. ‘‘मावशी, बीपी कमी झाल्यावर या,’’ म्हणून तिला परत पाठवलं. लस कुणाला देऊ नये याच्या सूचनांत उच्च रक्तदाब नव्हता. पण क्षणभर धरून चालू की त्या ताईंना काळजी वाटली. मग गोळी कुठं मिळेल, हे तरी सांगायचं! बाई वयाच्या ४९ व्या वर्षी पहिल्यांदा रुग्ण म्हणून सापडली आणि तिला दारातूनच घरी पाठवलं. वस्तीवर बातमी पोचली ती अशी की बीपीवाल्यांना लस चालत नाही. पुढचे पंधरा दिवस मी घरोघर तेच खोडत फिरले. माझ्या बोलण्यापेक्षा आईचं उदाहरण जास्त कामी आलं.

आत्याला मी ग्रामीण रुग्णालयात नेलं. गोळ्या सुरू झाल्या, जुलैत लसही मिळाली. केसपेपर तिने रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय. परवा गेले तेव्हा पिशवी काढून दाखवत म्हणाली, ‘‘पोरी, फुडल्या टायमाला ह्यो कागद चालंल न्हवं?’’