पापणीवरील पिवळा डाग

गेल्या नाताळात बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात थोरल्या बंधूंकडे गेलो होतो. त्यांच्या वरच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूस, डाळीएवढे दोन पिवळट उंचवटे दिसले. दुखत नव्हते, खाजत नव्हते; म्हणून दादा निर्धास्त. वहिनींना मात्र ते विद्रूप वाटत. कोणी त्यांना चुना लावण्याचा सल्ला दिला होता. डोळ्याशी चुना म्हणजे दृष्टीशीच खेळ! मी दादांना डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टर म्हणाले, "डाग काढू, पण आधी रक्त तपासू." त्वचेखालील पेशींत कोलेस्टेरॉल साठून हे डाग उमटतात. असे डाग असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या रक्तात ते प्रमाणातच असते. दादांचे मात्र फार वाढलेले निघाले. मधुमेह, थायरॉइडची मंदी व आनुवंशिकता ही त्याची काही कारणे होत. कोपनहेगन येथे १२,७४५ लोकांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. असे डाग असणाऱ्यांस हृदयविकाराचा झटका अधिक येतो, असे २०११ साली प्रसिद्ध झाले.

शस्त्रक्रियेने, लेसरने, किंवा डॉक्टरांच्याच हातून लावलेल्या आम्लाने डाग जातात. पण पुन्हा उगवूही शकतात. गोळ्यांनी रक्त सुधारते, डाग सहसा राहतो. दादांनी गोळ्या सुरू केल्या आणि आवडती मावा जिलेबी सोडली.

"भावंडांनीही रक्त तपासावे," असे डॉक्टरांनी बजावले होते. तपासले, तर माझेही कोलेस्टेरॉल वाढलेलेच! माझ्या पापणीवर डाग नव्हता, इतकेच. भावाच्या डोळ्यातील कुसळ पाहावयास गेलो आणि स्वतःचे मुसळ सापडले. वाचकहो, घरात कोणाच्या पापणीवर असा डाग दिसला, तर साऱ्या भावंडांनी रक्त तपासून घ्यावे.