पाण्याच्या ग्रुपला कुलूप नको

कवठे महांकाळ

चि. सुहास,



गावच्या पाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आता फक्त अ‍ॅडमिनच लिहिणार, आणि हिशेब विचारणाऱ्या त्या पोराला तू काढूनही टाकलंस, हे कळल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही. भांडण वाढू नये म्हणून केलंस, हे मी जाणून आहे. तुझ्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण तुझ्या उपायाची मला भीती वाटते. कशावरून सुरू झालं ते एकदा नीट आठव. त्यानं विचारलं, या आवर्तनाची पाणीपट्टी गोळा झाली, ती भरल्याची पावती कुठं आहे? त्यावर उत्तर आलं, तुझ्या बापानं कधी भरली होती का? तिथून मग भाऊबंदकी, सोसायटीचं कर्ज, मोडलेली सोयरीक, सगळं निघालं. पहिला होता प्रश्न आणि दुसरं होतं अंगावर धावून जाणं, आणि तू दोघांनाही एकच शिक्षा दिलीस. खरं तर एकालाच दिलीस, आणि तीही ज्यानं प्रश्न विचारला त्याला. म्हैसाळ पाणी योजनेच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकारनं उचलला आणि १९ टक्के शेतकऱ्यावर ठेवला. त्या १९ टक्क्यांत कुणी भरले, कुणी बुडवले, कालव्याच्या टेलच्या माणसाला पाणी न मिळताच पैसे का द्यावे लागतात, हे प्रश्न प्रत्येक आवर्तनाला उठणारच. पाणी पुरेसं नाही तिथं मतभेद असणारच रे. ते गावात कुठंतरी बोलता आले पाहिजेत.

तुझं म्हणणं, शिकलेली माणसं अशी जाहीर भांडत नाहीत. कुणी सांगितलं तुला? टिळक आणि आगरकर १८८२ साली कोल्हापूरच्या अब्रुनुकसानीच्या प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर होते, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांची तोंडं दोन दिशांना झाली. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. संमतिवयाच्या कायद्यावर १८९१ साली एक बाजूनं, दुसरा विरोधात. भाषा काही मऊ नव्हती. पण ज्याला खोडून काढायचं त्याचं म्हणणं आधी मांडावं लागे, नाहीतर वाचकालाच कळलं नसतं की वाद कशावर आहे. शिवाय पत्रं साप्ताहिक, म्हणजे रागानं सुचलेलं वाक्य छापून यायला दिवस जायचे. सगळं गोडीत चाललं असं मी म्हणत नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतला वाद माणसांच्या वागण्यावर घसरला तेव्हा १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले, आणि ते नुकसान भरून निघालं नाही. पण १८९५ साली आगरकर गेले, तेव्हा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. मतं शेवटपर्यंत जुळली नव्हती, तरी ज्याच्याशी भांडलो त्याची योग्यता सांगण्याइतकी जागा मनात शिल्लक होती. तुझ्या ग्रुपवर ती जागा दोन मिनिटांत संपते, कारण उत्तर द्यायला दोनच मिनिटं लागतात. तेव्हा अ‍ॅडमिन म्हणून वेळ मागून घे. तापलेल्या विषयावर उद्या सकाळपर्यंत कुणी लिहायचं नाही, एवढं सांगितलंस तरी निम्मं काम होईल.

आणि अरे, तू आर. आर. आबांच्या मतदारसंघातला! महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम त्यांनी गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला सुरू केली. तंट्याची आधी वहीत नोंद करायची, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं, जे ठरेल ते कागदावर घेऊन सह्या घ्यायच्या, ही तिची रीत. वही कोरी ठेवून गाव तंटामुक्त होत नाही. तू मात्र वहीच बंद करून टाकलीस. पावतीचा प्रश्न फोनवर मिटणारा नसेल तर ग्रामसभेत घे, संबंधितांना समोर बसव. पण तो विचारूच नये असं करू नकोस.

पोलिसांचं लचांड मागं लागेल, ही तुझी दुसरी भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, त्याचा त्यात सामायिक हेतू किंवा संगनमत दिसलं पाहिजे. ते प्रकरण एका बाईला ग्रुपवर घाणेरडं बोलल्याचं होतं. कायद्यानं तू सुटशील, पण म्हणून गप्प बसून चालणार नाही. शिव्या वाचून बायका निमूट ग्रुप सोडतात आणि मग पाण्याबद्दल त्यांचं मत कुणापर्यंत पोचतच नाही, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून आई-बापावर, जातीवर, बाईमाणसावर जाणाऱ्याला एकदा सांग, दुसऱ्यांदा काढ. तो तुझा मावसभाऊ असला तरी काढ. तिथंच तुझी परीक्षा आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या जत तालुक्यात, लवंग्याला, चार साधूंना पोरं पळवणारे समजून लोकांनी मारलं. ते वाचले. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तशाच अफवेपायी जिवानिशी गेले. पोरं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज तेव्हा मोबाइलवर गावोगाव फिरत होते. उद्या तसा मेसेज आपल्या ग्रुपवर आला, एखाद्या अ‍ॅडमिननंच घाईत पुढं ढकलला, तर ‘हे खोटं आहे, थांबा’ असं कोण लिहिणार? तुम्हा चार अ‍ॅडमिनशिवाय कुणाला लिहिताच येत नाही. आणि ज्याला पावती मागण्याची सवय आहे, बातमी कुठून आली हेही तोच विचारेल ना? त्यालाच तू बाहेर ठेवलंयस. रात्री हा विचार आला की मला झोप लागत नाही.

ग्रुप आजच उघड. त्या पोराला परत घे, आणि पावतीचा फोटो टाक.

तुझी,
आत्या