खारेपाटातून वर

जोह्याला चढ असा नाहीच. उधाणाचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध, हीच आमच्या खारेपाटातली उंच जागा. भाताची खाचरं, खाजण, मधेमधे गणपतींचे कारखाने, सगळं एका पातळीत. इथं सायकल शिकलेल्या पोराला घाट माहीत नसतो. मला तो विशीत कळला. मित्रांबरोबर खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्याला गेलो, तेव्हा.

मग कारखान्याचं काम वाढलं. मी आखणी करतो. मूर्तीचे डोळे आखताना श्वास रोखून धरावा लागतो. कुंचला टेकला की रेघ पुरी होईपर्यंत छातीसुद्धा हलू द्यायची नाही. हलतं ते फक्त मनगट. अशी वर्षांमागून वर्षं मांडी घालून गेली आणि सायकल पडवीत आढ्याला टांगलेली राहिली.

यंदा अनंत चतुर्दशी झाली, कारखाना रिकामा झाला, आणि मी ती खाली काढली. टायर-ट्यूब नवे, चेन नवी, ब्रेकची रबरं नवी. काही दिवस पहाटे नुसता पेणपर्यंत जाऊन आलो. गुडघे आधी कुरकुरले, मग सैल झाले. भात पिवळं पडू लागलं होतं तेव्हा एके दिवशी पेणहून माघारी न वळता पुढे निघालो.

पेण ते खोपोली तीसेक किलोमीटर. एसटीतून हा रस्ता सपाटच वाटायचा. सायकलवर मात्र जमीन किंचित उचलली गेली तरी मांड्यांना लगेच कळतं. कामार्लीच्या बाजूला हेटवण्याचं धरण. त्याचं पाणी पार नवी मुंबईला जातं. ह्याच पट्ट्यात गागोदे, 1895 साली विनोबा जन्मले ते गाव. भूदानासाठी 1951 पासून तेरा वर्षं ते देशभर पायी हिंडले. त्या माणसाला ह्या देशातला प्रत्येक चढ-उतार पायांनी ठाऊक असणार, असं मला पॅडल मारताना फार वाटत राहिलं. गाडीनं फिरणाऱ्याला गावं कळतात, गावांमधली जमीन कळत नाही.

खोपोलीत डोंगर एकदम समोर उभा राहतो. टाटांचं वीजघर इथलंच, 1915 सालचं. वरच्या तलावांचं पाणी मोठाल्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येतं आणि चक्र फिरवतं. पाणी जेवढं उतरतं, जवळपास तेवढंच आपल्याला चढायचं असतं, दोन पायांच्या बळावर.

पहिल्याच वळणांवर दम लागला. विशीत मी हा चढ उभं राहून, सीटला न टेकता मारला होता. शरीरानं तसंच करायचं ठरवलं आणि थोड्याच वेळात पोटऱ्या भरून आल्या. मागून काही तरुण मुलं आली. मुंबई-पुणे शर्यतीत हाच घाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्यांच्या मनात तोच मान असावा. त्यातला एक माझ्या बाजूला येऊन हळू झाला. “काका, बसून मारा. गिअर हलका ठेवा आणि वर बघू नका.”

बसलो. समोरच्या हातभर डांबरावर नजर ठेवली. आणि माझ्या ध्यानात आलं की ही बैठक मला चांगली ओळखीची आहे. शेकडो मूर्ती ओळीनं समोर असताना मी कधी त्या ओळीकडे पाहत नाही. एक पापणी, मग दुसरी. ज्या कामानं मला सायकलवरून उतरवलं, त्याच कामानं चढाला लागणारी सबुरी माझ्यात भरून ठेवली होती. फरक एवढाच की इथं श्वास रोखायचा नव्हता. तो मोकळा सोडायचा होता, मोठ्यानं, तोंड उघडून. इतक्या वर्षांचा रोखलेला श्वास त्या घाटात बाहेर पडत होता आणि मला त्याचा विलक्षण आनंद होत होता.

शिंग्रोबाच्या देवळाशी थांबलो. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं. गाडीवाले इथं नाणं टाकून पुढे जातात. मीही टाकलं. घाटातला जुना अमृतांजन पूल आता नाही, 2020 मध्ये पाडला. तरी डोळे त्याला शोधत राहिले.

खंडाळ्यात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. ती मुलं चहाच्या टपरीवर बसली होती. त्यांनी सरकून जागा दिली, कुठून आलात विचारलं. जोहे म्हटल्यावर एकाला आमच्याकडचे गणपती माहीत निघाले, पण त्याला खरी उत्सुकता रस्त्याची होती. मी त्याला रोह्याकडची वाट सांगितली. नागोठणं सोडलं की सुकेळी खिंड लागते, पुढे कोलाड, तिथून रोहा. चढ बोरघाटाएवढा नाही, पण आहे. माघी गणपतींचं काम अंगावर येण्याआधी तिथं जायचं आमचं ठरलं.