परत यायचा पुरावा

प्रत्येक होस्टेलवर एक तरी 'फॉर्मवाला' असतो. परीक्षेचा फॉर्म, स्कॉलरशिपचा फॉर्म, तत्काळचं तिकीट... काहीही असो, पब्लिक रात्री अकरा वाजता त्याच्या रूमवर हजर! आमच्या विंगमध्ये हे खातं माझ्याकडे. पण सेकंड इयरला, म्हणजे 2023 च्या सप्टेंबरमध्ये, जो फॉर्म माझ्या गळ्यात पडला, त्याच्यापुढे युनिव्हर्सिटीचे सगळे फॉर्म म्हणजे बालवाडी. आई-बाबांचा कॅनडाचा सुपर व्हिसा!

माझी ताई लग्नानंतर टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला असते. पुढच्या मार्चमध्ये तिचं पहिलं बाळंतपण होतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. लेक माहेरी येऊ शकत नाही म्हटल्यावर माहेरानंच उठून तिकडे जायचं, इतका साधा हिशोब. आई मनानं कधीच पोचली होती. डिंक, खारीक, अळीव यांच्या पुड्या बांधायला तिनं गणपतीतच सुरुवात केली. बाबा मात्र गप्प. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेला माणूस, तासगावजवळ दीड एकर द्राक्षबाग आणि तीच त्यांची दुसरी शाळा. मार्च म्हणजे ऐन काढणीचा महिना.

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी बाहेर आहे, उद्या तुम्हीही जाल, म्हणून थोडं तांत्रिक सांगतो. कॅनडाच्या साध्या व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं. सुपर व्हिसा फक्त तिथल्या नागरिकांच्या किंवा पीआर असलेल्यांच्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना मिळतो. तो सुरू झाला डिसेंबर 2011 मध्ये. त्या वेळी आई-वडिलांना कायमचं बोलावून घेण्याचे अर्ज इतके तुंबले होते, की 1,65,000 हून जास्त माणसं रांगेत होती. नवे अर्ज घेणं सरकारनं थांबवलं आणि त्याऐवजी हा व्हिसा काढला. कायमचं या म्हणता येत नाही, मग पाहुणे म्हणून या, पण भरपूर राहा! आधी एका वेळी दोन वर्षं राहता यायचं, 4 जुलै 2022 पासून पाच वर्षं. व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा असू शकतो. हे सगळं मी बाबांना फोनवर उत्साहानं समजावलं. ते म्हणाले, "पाच वर्षं राहणाऱ्याला पाहुणा म्हणत नाहीत रे, घरजावई म्हणतात."

ताईच्या बाजूची कागदपत्रं तिनं आणि दाजींनी बघितली. बोलावण्याचं सहीचं पत्र, त्यात सगळा खर्च उचलण्याचं वचन आणि घरात माणसं किती त्याची यादी. उत्पन्न कुटुंबाच्या आकाराप्रमाणे ठरलेल्या रकमेच्या वर लागतं, आणि त्या आकारात येणारे आई-बापही धरायचे. म्हणजे ताई, दाजी, आई, बाबा असे चार. आई-बाबा अजून तासगावात भाकरी खातायत आणि तिकडच्या हिशोबात ते ब्रॅम्प्टनच्या घरातले झालेसुद्धा! त्या चारात मी नव्हतो, हे माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा अंतिम तारखेची सबमिशन्स होती, सोडून दिलं.

विम्याचं मात्र सोडून देता येईना. वर्षभराचा, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा. व्हिसाची फी शंभर डॉलर, बोटांच्या ठशांचे माणशी पंच्याऐंशी, ही फुटकळ रक्कम. खरा पैसा विम्यात जातो, कारण सुपर व्हिसावाल्याला तिथली सरकारी आरोग्यसेवा लागू नाही. (तेव्हा विमा कॅनडातल्याच कंपनीचा लागायचा. जानेवारी 2025 पासून तिथल्या नियामकाची परवानगी असलेल्या परदेशी कंपन्यांचाही चालतो.) बाबांना बी.पी., आईला शुगर. पॉलिसी मी बाबांना वाचून दाखवत होतो, त्यात 'रिपॅट्रिएशन' हा शब्द आला. बाबांनी अर्थ विचारला. म्हटलं, माणूस फार आजारी पडला, किंवा... तर त्याला मायदेशी परत पोचवायचा खर्च. बाबा दोन क्षण थांबले. "म्हणजे कसंही झालं तरी परत आणतील. बरं आहे." आणि ते फवारणीला गेले. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी लॅपटॉपकडे नुसता बघत बसलो होतो.

आता आमच्याकडची कागदपत्रं. आई आणि बाबा दोघांचीही जन्मतारीख 1 जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. आपल्याकडे त्यात काही विशेष नाही, अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी. पण तिकडच्या अधिकाऱ्याला काय वाटलं असेल देव जाणे. कुटुंबाच्या माहितीच्या फॉर्मवर बाबांच्या आईची जन्मतारीख हवी होती. बाबा म्हणाले, "गांधीजी गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती." लिहिलं 1938. नात्याचा पुरावा म्हणून ताईचा जन्मदाखला लागत होता. ती पहिली, म्हणून तिचाही जन्म आईच्या माहेरचा. त्या ग्रामपंचायतीत बाबांनी तीन हेलपाटे घातले, कारण जुन्या नोंदीत बाळाचं नावच नव्हतं, नुसतं 'स्त्री'.

सातबाराचा इंग्रजी अनुवाद लागतो आणि तो घरच्या माणसानं केलेला चालत नाही. माझं इंग्रजी तसंही कुणी चालवून घेतलं नसतं! सांगलीतल्या एका अनुवादकाकडे दिला. तोवर आमच्या रूमवर 'पोटखराबा' या शब्दाचं इंग्रजी काय यावर रात्रभर चर्चा. माझा रूमी म्हणे, "स्टमक अपसेट लिही, व्हिसा लगेच मिळेल." (लागवडीला निरुपयोगी जमीन असा साधा अर्थ आहे, सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. पाच वर्षं राहायची परवानगी देणारा हा व्हिसा, पण तो मिळवायला सिद्ध काय करायचं, तर तुम्ही परत जाणार आहात! अधिकारी बघतो, तुमचं मागे काय आहे. घर, जमीन, पेन्शन, माणसं. बाबांनी पत्र मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं. बाग, विहीर, पेन्शन, घराचा उतारा. सगळं झाल्यावर एक सीनियर पत्र वाचून म्हणाला, "अरे, तू कुठंयस यात? धाकटा मुलगा, अविवाहित, शिकतोय, खर्च वडील करतात. याच्यापेक्षा मोठं कारण काय पाहिजे?"

मग पत्रात एक परिच्छेद वाढला. आई-बाबांच्या वतीनं, पण माझ्या हातानं लिहिलेला. आमचा मुलगा आमच्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी आम्ही परत येऊ. आणि फॉर्मवर माझ्या नावापुढे प्रश्न, 'तुमच्याबरोबर कॅनडाला येणार का?' तिथे 'नाही'. सातबारा, पेन्शनबुक आणि मी, असे तिघं एका फाइलमध्ये.

त्याला पुरावा म्हणून बोनाफाईड हवं. ऑफिसात काकांनी विचारलं, "कारण काय लिहू?" म्हटलं, आई-बाबांचा व्हिसा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "व्हिसा त्यांचा, आणि बोनाफाईड तुझं?" म्हटलं, "ते परत यावेत म्हणून." काकांनी पुढं काही विचारलं नाही. एरवी दोन दिवस लागतात, त्या दिवशी उभ्या-उभ्या शिक्का मारून दिला.

ऑक्टोबरमध्ये पुण्याला ठसे दिले, ठरलेल्या डॉक्टरकडे मेडिकल झाली. आणि नेमकं त्याच महिन्यात दोन्ही देशांचं बिनसलं, कॅनडानं भारतातले आपले 41 राजनैतिक अधिकारी परत नेले. अर्ज घेणारी केंद्रं चालू होती, पण निकालांना वेळ लागणार हे त्यांनीच जाहीर केलं होतं. आई रोज सकाळी फोन करून विचारायची, "मेल आला का?" बाबा पेपर वाचून दाखवायचे तिला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. ताई तिकडे रडकुंडीला. पासपोर्ट मागवल्याचा मेल आला जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तो मी थर्मोच्या लेक्चरला बाकाखाली वाचला.

फेब्रुवारीत दोघं गेले. बाग वाट्यानं दिली, घराला कुलूप, किल्ली शेजारच्या काकूंकडे. मार्चमध्ये भाची झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पहिल्यांदाच स्वतः कुलूप उघडून घरात गेलो. चार दिवस राहिलो आणि इंटर्नशिपचं निमित्त काढून होस्टेलवर परत आलो. रेक्टर सरांनी 'घरी कोण आहे?' हे न विचारता रूम ठेवू दिली, त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहूनच गेलेत.

बाबा सप्टेंबरमध्ये परत आले. एकटेच. ऑक्टोबर छाटणी वाटेकऱ्यावर सोपवायची त्यांची तयारी नव्हती. आई राहिली. ताईची रजा संपली होती आणि तिथलं पाळणाघर आईइतकं विश्वासाचं कुठून असणार! तिला जाऊन आता दीड वर्ष झालं. विमा एकदा नवा करून झाला, तोही मीच ऑनलाइन बघून दिला. व्हिडिओ कॉलवर भाची मला 'मामा' म्हणते आणि आई मागून विचारते, मेसला रविवारी काय होतं. बाबा स्वतः आमटी करायला शिकलेत, भाकरी अजून काकूंकडून येते.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. द्राक्षांचं बोलून झालं, प्लेसमेंटचं बोलून झालं. मग म्हणाले, "यंदा तुझं शेवटचं वर्ष ना? म्हणजे मेनंतर ते बोनाफाईड मिळायचं नाही."

म्हटलं, "बाबा, व्हिसा आधीच मिळालाय, आता ते लागत नाही."

"ते कळतंय मला," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला सांगू नकोस एवढंच."