जॅक ह्यूजला लागलेली तीन वर्षं

मी खडकीत वाढलो. हॉकीपटू धनराज पिल्ले खडकीचाच. आमच्याकडे फॉरवर्ड कसा जोखायचा हे पोरांना कुणी शिकवावं लागत नसे. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की कळत जायचं. पुढे न्यू जर्सीत एडिसनला स्थायिक झालो आणि मुलाला आईस हॉकीचा नाद लागला. खेळ मला नवा होता, पण बघायची सवय जुनी होती. त्या सवयीने मी जॅक ह्यूज नावाच्या मुलाला अठराव्या वर्षापासून बघत आलो.

जून 2019 मध्ये व्हँकूव्हरला झालेल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, न्यू जर्सी डेव्हिल्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं. आई अमेरिकेच्या महिला संघातून खेळलेली, वडील प्रशिक्षक, थोरला भाऊ क्विन तेव्हा व्हँकूव्हरच्या संघात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास संघाकडून जॅकने दोन वर्षांत 228 पॉइंट केले होते आणि तो त्या संघाचा विक्रम होता. आईस हॉकीत गोलला एक पॉइंट आणि गोल करून देणाऱ्या पासलाही एक. पहिल्या क्रमांकाच्या मुलांकडून लोकांची अपेक्षा काय असते, तर क्रॉस्बी आणि ओव्हेचकिन यांच्यासारखी सुरुवात. 2005-06 च्या आपल्या पहिल्याच हंगामात एकाने 102 आणि दुसऱ्याने 106 पॉइंट केले होते.

जॅकने पहिल्या हंगामात 61 सामन्यांत 21 पॉइंट केले. गोल फक्त सात.

डेव्हिल्सचं मैदान नेवार्कला आहे, एडिसनहून ट्रेनने सरळ. आम्ही नेहमी वरच्या मजल्यावर बसायचो, कारण तिकिटं स्वस्त. पण तिथून अख्खा बर्फ दिसतो, आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, जवळ नसतानाही खेळाडू काय करतोय ते दिसतं. एक प्रसंग मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. कोपऱ्यात पक आली, जॅक तिच्यावर सगळ्यांच्या आधी पोचला, मान वळवून मागे कोण आहे तेही त्याने पाहिलं. पुढच्या क्षणी मागून आलेल्या धिप्पाड बचावपटूने खांदा घातला आणि हा मुलगा बोर्डावर असा आदळला की काच हलली. पक गेली. माझा मुलगा हळूच म्हणाला, ‘‘बाबा, त्याला आधी कळलं होतं. फक्त तो टिकला नाही.’’

मला तेव्हाच जाणवलं की याची अडचण डोक्यात नाही आणि हातातही नाही. आपल्या हॉकीत प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर गेलात की पंच शिट्टी वाजवतो. त्यामुळे सडपातळ पण चपळ फॉरवर्ड आपल्याकडे विशीच्या आधीही मोठ्यांना पळवू शकतो. बर्फावर मात्र पक असलेल्या माणसाला खांद्याने उडवणं नियमात बसतं. पाच फूट दहा इंचांचा, पंचाहत्तर-सत्त्याहत्तर किलोचा अठरा वर्षांचा मुलगा तिथे पूर्ण वाढलेल्या, दहा-दहा वर्षं मार खाल्लेल्या आणि दिलेल्या माणसांत उभा असतो. कुमार गटात जी फट त्याला अर्धा सेकंद उघडी मिळायची, ती इथे मिटलेली असायची. शरीराला वेळच लागतो. त्याला दुसरा उपाय नाही.

त्यात संघाची अवस्थाही वाईट होती. डिसेंबरात प्रशिक्षक गेला, त्याच महिन्यात संघाचा आघाडीचा खेळाडू टेलर हॉल याला दुसऱ्या क्लबकडे पाठवलं, जानेवारीत जनरल मॅनेजर गेला. अठरा वर्षांच्या मुलाला ज्यांच्याकडे बघून शिकायचं ते सगळेच बदलत होते. आमच्या मराठी मंडळींच्या गप्पांतही ‘फुकट गेला पहिला नंबर’ असं सर्रास बोललं जायचं. शेजारच्या न्यूयॉर्क रेंजर्सने दुसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या काप्पो काक्कोने 66 सामन्यांत 23 पॉइंट केले होते, म्हणजे तिकडेही तीच गत. तरी जॅकवर शिक्का बसला तो बसलाच. दहावीच्या निकालावरून पोराचं आयुष्य ठरवायची आपली खोड त्या गप्पांत मला दिसायची, आणि राग यायचा.

माझाही मुलगा अंगाने किरकोळ. तो ज्या क्लबात खेळायचा तिथल्या प्रशिक्षकाने त्याला वरच्या संघातून काढताना सांगितलं होतं, या वयात दिसलं नाही तर पुढे दिसत नाही. म्हणून जॅककडे बघताना मी तटस्थ नव्हतो, आणि तसा आव आणायचाही नाही.

दुसरा हंगाम कोविडमुळे बराचसा रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला, आम्ही टीव्हीवर पाहिला. 56 सामने, 31 पॉइंट. पण तो कुठे पोचत होता ते बघण्यासारखं होतं. निळी रेषा ओलांडून पक घेऊन आत शिरणं हे आईस हॉकीतलं सगळ्यांत कठीण काम, आणि तो ते पुन्हा पुन्हा करत होता. गोलसमोर संधी मिळत होत्या, पक आत जात नव्हती. अंगावर थोडं मांस चढलं होतं. धक्का बसला तरी आता तो स्टिकवरची पक सोडत नव्हता.

ऑक्टोबर 2021, तिसऱ्या हंगामाचा सलामीचा सामना, समोर शिकागो. ओव्हरटाइममध्ये त्याने गोल केला आणि आनंदाच्या भरात स्टिक सरळ प्रेक्षकांत भिरकावली. आणि लगेच पुढच्या सामन्यात सिएटलविरुद्ध त्याचा खांदा निखळला. घरात सुतकी शांतता पसरली. 30 नोव्हेंबरला तो परत बर्फावर उतरला, आणि त्याच दिवशी क्लबने आठ वर्षांचा, सहा कोटी चाळीस लाख डॉलरचा करार जाहीर केला. पहिल्या दोन हंगामांत मिळून ज्याचे 52 पॉइंट, त्याला एवढे पैसे? असं बरेच जण विचारत होते. क्लबने आकड्यांवर जायचं नाही असं ठरवलं होतं, आणि माझ्या मते डेव्हिल्सने त्या काळात घेतलेला तो सगळ्यांत शहाणा निर्णय होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाईट दिवसांतही त्यांनी त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं नाही. तो चुकत होता तेव्हाही बर्फावरच होता.

त्या हंगामात दुखापतींमुळे 49 सामने मिळाले. त्यांत 26 गोल, 56 पॉइंट. पुढच्या, 2022-23 च्या हंगामात 78 सामन्यांत 43 गोल आणि 56 असिस्ट, एकूण 99. पॅट्रिक एलियाशचा 96 पॉइंटचा क्लबचा विक्रम 2000-01 पासून उभा होता, तो मोडला. संघाने 112 गुण मिळवले आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीत सात सामन्यांच्या झुंजीत रेंजर्सना हरवलं.

कोपऱ्यातल्या धडका त्याला आजही बसतात. खांद्याने पुढेही त्याला त्रास दिला, शस्त्रक्रिया झाल्या. पण आता धडक येण्याआधी पक त्याच्या स्टिकवरून निघून योग्य माणसाकडे पोचलेली असते. हे टीव्हीवर कळत नाही, कारण कॅमेरा पकच्या मागे पळतो. न्यू जर्सीत असाल, नाहीतर लेकीकडे-मुलाकडे काही महिन्यांसाठी येणार असाल, तर एक संध्याकाळ नेवार्कला जा. वरच्या मजल्याची तिकिटं घ्या, आणि 86 नंबरच्या जर्सीवरून नजर हलवू नका.